रागवायला कुणीतरी हवं होतं

नवरा गेला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला देवाची गरज वाटली. प्रार्थनेसाठी नव्हे, भांडायला. इस्लामपूरहून सांगलीला परत येताना त्यांची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. अंधार पडला होता आणि ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. ट्रॉलीवाला माझ्यापेक्षा जास्त रडत होता, त्याच्यावर काय रागवायचं?

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाही. माझे वडील, आबा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, माझ्याकडेच राहतात. जे घडतं त्याला कारण असतं, कर्ता नसतो, असं ते लहानपणापासून सांगत आले. ते मला पटतही होतं. पण कारणावर रागावता येत नाही.

भेटायला येणारे लोक "सगळं अनित्य आहे" म्हणायचे, नाहीतर "वरच्याची मर्जी". पलीकडच्या गल्लीतल्या सिस्टरबाई मात्र वेगळंच बोलल्या. त्या निवृत्त नर्स, धर्मानं ज्यू, मूळच्या कोकणातल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक छोटी डबी तिरकी बसवलेली असते, आत धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "हे बरोबर झालं नाही. तुमच्या जागी मी असते तर जाब विचारला असता."

"कुणाला?"

"देवाला. आमच्यात चालतं. आमचे ग्रंथ असल्या भांडणांनीच भरलेत."

म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याकडे जायला लागले. त्यांच्याजवळ धर्मग्रंथाचं जुनं मराठी भाषांतर होतं. आम्ही ते मिळून वाचायचो. एकानं एक शहर वाचवायला देवाशी घासाघीस केलेली. दुसऱ्यानं जळत्या झुडपासमोर उभं राहून देवाचं नाव विचारलं, तर त्यानं धड नावही सांगितलं नाही. मग आला तो छळलेला माणूस, ज्याची मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं. तो राखेत बसून जाब विचारतो. माझ्या जिवात जीव आला. पानंच्या पानं मी अधाशासारखी वाचली. शेवटी देव वादळातून बोलतो, आणि उत्तर द्यायचं सोडून उलट विचारतो, मी पृथ्वी घडवली तेव्हा तू कुठे होतास?

मी पुस्तक मिटलं. "हे उत्तर झालं? आमच्या ऑफिसात एखाद्या अर्जाला असं उत्तर दिलं तर अर्जदार दारात उपोषणाला बसेल."

"मलाही ते अजून पटलेलं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या.

त्यांना पटलेलं नाही, तरी दर शुक्रवारी दिवा लावतात! मी आणखीच वैतागले. ते पाहून त्यांनी सुचवलं, "वाचून वाचून डोकं फिरेल तुमचं. शनिवार पाळून बघा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम करायचं नाही. एवढंच."

मला शनिवारी सुट्टी असते, म्हणून करून पाहिलं. शुक्रवारी दिवा लावला. सकाळी फोन बंद करून खुर्चीत बसले. तेवढ्यात नळाला पाणी आलं. स्वयंपाकघरात घरकामाच्या मावशींनी हंडे भरायला घेतले, मग भांडी, मग चपात्या. मी डोळे मिटून काहीतरी जाणवायची वाट बघत होते, आणि कानावर फक्त भांड्यांचा आवाज येत होता. पुढच्या शनिवारी तेच. आबांनी चहा पिता पिता विचारलं, "काय गं, बरं न्हाई का?"

"बरी आहे. आज काम करायचं नाही. त्यांच्या ग्रंथात तशी आज्ञा आहे."

त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आणि ती करतीय ते काय हाय?"

मी खुर्चीतून उठले. तशीच तणतणत सिस्टरबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे पुस्तकातली दोन पानं उघडून दाखवली. आज्ञा एकच, पण दोनदा आलेली. एका ठिकाणी कारण दिलंय की देवानं जग घडवून विसावा घेतला. दुसऱ्या ठिकाणी म्हटलंय, तुम्ही गुलाम होतात हे विसरू नका, म्हणून तुमच्या दासीला आणि बैलालाही विसावा मिळू दे.

"मग खरं कारण कुठलं?"

"दोन्ही."

"दोन्ही कशी असतील?"

"आमचे लोक तेच विचारत आलेत," त्या म्हणाल्या आणि शुक्रवारीच थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा ओतायला उठल्या. मी चहा न घेता निघाले.

घरी येऊन आबांना रागारागानं हे सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "ते दुसरं परत सांग."

मी सांगितलं. आबा म्हणाले, "आमच्या आज्याला वार म्हाईत नव्हता. गावाचं बोलावणं आलं की वेठीला पळायचं, रात न्हाई दिवस न्हाई. दुसरं कारण खरं हाय. पहिलं सोडून दे."

"आबा, तुम्ही देव मानत नाही ना?"

"न्हाईच मानत. ज्यानं हे लिवलं त्या माणसाला मानतो."

सोमवारी त्यांनी मावशींना सांगून टाकलं, शनिवारी यायचं नाही, पगार तोच राहील. मावशींचा चेहराच उतरला. "आवं आबा, माझं काय चुकलं का?" त्यांना पटवायला आबांना अर्धा तास लागला. आता शनिवारी आबा स्वतः पाणी भरतात. "मी कुणाचा गुलाम न्हाई, मला चालतंय," म्हणतात आणि शुक्रवारची भाकरी ठेच्याशी आनंदानं खातात.

म्हणजे आबांना शनिवार मिळाला, मावशींना मिळाला. मी ज्याच्याशी भांडायला हे सुरू केलं तो देव मला मिळालाच नाही. एकदा घरात कुणी नसताना मोठ्यानं भांडून पाहिलं. दोन वाक्यांत शब्द संपले. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटली.

हे सांगितलं तर सिस्टरबाई म्हणाल्या, "बोललात ना? झाली तर मग प्रार्थना."

"मला असली समजूत नको," मी ताडकन म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "मलाही नको असते. आमचे हे गेले तेव्हा मीसुद्धा वर्षभर दिवा लावला नव्हता."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. पुन्हा का लावला, असं विचारलं तर म्हणाल्या, "आठवत नाही हो. सवयीनं असेल."

त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशन होईपर्यंत मीच वाचून दाखवते. अडलं की थांबते, तक्रार करते. त्या सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "हं, पुढे वाचा." माझी चिडचिड होते, पण मी वाचते.