रायफल जेवत नाही

सासूबाई व्हिजिट व्हिसावर शारजाला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या लेकीच्या डाव्या हातात मोजा चढवला. शाळेचा, पायातला, पांढरा. लेक डावरी, वय वर्षे सहा. जेवायला बसलं की मोजा चढायचा. "सवय आत्ताच मोडायला हवी, नाहीतर सासरी हसतील," म्हणे. सहा वर्षांच्या पोरीचं सासर! पोरगी उजव्या हाताने वरणभात कालवायची, निम्मा ताटाबाहेर सांडायची आणि म्हणायची, "आजी, इट्स नॉट कमिंग." तिचा बाबा फोनमध्ये तोंड खुपसून बसायचा.

आणि मी? जबल अली बंदरातल्या ऑफिसात ट्रकवाल्यांशी हिंदीतून दिवसभर भांडणारी मी, घरी पोळ्या वाढत गप्प. माझीही डाव्या हाताची सवय लहानपणी अशीच मोडली होती. आईने ताटावरून उठवून, शाळेत बाईंनी पट्टीने मारून. लेकीलाही ती पट्टीची गोष्ट मी हसत हसत सांगितली होती. मी स्वतःला सांगायचे, काय वाईट झालं माझं? झालेच की सरळ.

पण आत धुसफुस चालू होती. घरात तोंड उघडता येत नव्हतं, म्हटलं निदान गोळ्या तरी झाडू. गंमत नाही, रायफलीशी माझा जुना हिशेब बाकी होता. शाळेत एनसीसीच्या फायरिंगला माझा भोपळा आला होता, सगळ्या गोळ्या शेजारणीच्या टार्गेटवर. वर्षभर मला भोपळाच म्हणायचे. ऑफिसला जाता-येता शूटिंग क्लबची पाटी दिसायची, शेवटी एका शनिवारी नाव घातलं. नवरा म्हणाला, "तुझ्या हातात रायफल? यल्ला, चला, मी आधी इन्शुरन्स काढतो." मी म्हटलं, काढ.

शिकवायला इथलीच एक अमिराती बाई होती, साधारण माझ्याच वयाची, डोक्याला काळा शेला घट्ट बांधलेला, अंगात क्लबचं जॅकेट. "मेरा हिंदी सीरियल वाला है," असं तिने आधीच सांगून टाकलं. मग खजूर आणि बिनकानाच्या छोट्या कपात गहवा, अरबी कॉफी. माझ्या उजव्या हातात पर्स, म्हणून डावा पुढे गेला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं. जीभ चावली, पर्स काखेत मारली, उजव्या हाताने कप घेतला आणि दोनदा सॉरी म्हटलं. तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

मग नियम. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. झाडायचं ठरत नाही तोवर बोट चापाबाहेर. आणि ती 'खलास' म्हणाली की सगळं जागच्या जागी थांबवायचं. रायफल छोट्या गोळीची, पुढे टेकवायला वाळूची पिशवी. मी दस्ता उजव्या खांद्यात रुतवला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. दर गोळीनंतर बोल्ट ओढून पुन्हा चाप. दुर्बिणीतून पाहिलं तर माझा कागद कोराच्या कोरा. पुन्हा गोळ्या भरल्या, पुन्हा कोरा. भोपळा! इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन तोच भोपळा. डोळ्यांत पाणी आलं, रागाने. मी आणखी गोळ्या मागितल्या.

"खलास," ती म्हणाली. रायफल रिकामी करून खाली ठेवायला लावली. "यू लेफ्टी?"

"नो, नो! राइट!" मी उजवा हात वर केला, वर्गात करतात तसा. चाळिशीला आलेली बाई मी, अजून पट्टीला घाबरत होते.

तिने मला दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करायला सांगितली, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघत हात चेहऱ्याकडे आणायला लावले. हात आपोआप डाव्या डोळ्यावर आले. पुन्हा केलं, पुन्हा डावाच. "तुम राइट साइड रखता है, लेफ्ट आँख से देखता है," ती म्हणाली. "गोली किधर जाएगा?"

मी म्हटलं, आमच्यात डावा हात चांगला मानत नाहीत.

"हमारे में भी," ती म्हणाली. "खाना राइट, गहवा राइट. राइफल खाना नहीं खाती, हबीबती." आणि तिने दस्ता माझ्या डाव्या खांद्याला लावला.

उलट्या चपला घातल्यासारखं वाटलं. बोल्ट उजव्या बाजूला, तो ओढताना धांदल. पण गाल लाकडावर टेकला आणि समोरचा काळा गोल एकदम नीट दिसायला लागला. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली. लागली! पुढची आत. त्यापुढच्या आणखी आत, एकमेकींना खेटून. चापावरच्या त्या डाव्या बोटाला इतक्या वर्षांत कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी त्याला सगळं येत होतं. आनंद झालाच, पण त्याहून जास्त संताप आला. झाले म्हणे सरळ! डोंबलाची सरळ. जे माझं होतं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि मी वर त्याचं कौतुक करत बसले. माझं गेलं ते गेलं. पण पोरीचा हात अजून गेला नव्हता, आणि सासूबाई अजून दोन महिने राहणार होत्या.

रात्री ताटं वाढली. सासूबाई मोजा घेऊन आल्या. "दे बघू हात." लेकीने शहाण्यासारखा पुढे केला.

"आई, तो मोजा मला द्या," मी म्हटलं. भांडायची सगळी वाक्यं गाडीत तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना. मी मोजा घेतला आणि माझ्याच उजव्या हातात चढवला. पाच बोटांपैकी चारच मावली. बसले आणि डाव्या हाताने वरणभात कालवला. पहिला घास थेट मांडीवर.

"अगं, हे काय चालवलंयस?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने फोन खाली ठेवला.

"जेवतेय," मी म्हटलं. "तिला जसं जेवायला लावतोय तसं." दुसरा घास हनुवटीवरून ओघळला. मी पुसला नाही.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्ची सरकवून माझ्या बाजूला आली. तिने तिच्या डाव्या हाताने माझा डावा हात धरला आणि बोटं एकेक करून जुळवली. घरात कायम इंग्रजीत बोलणारी माझी पोर मराठीत म्हणाली, "अशी धर, मम्मा. घाबरू नको. तुला कोणी मारणार नाही."