आत्याने मोजलेले दात

आमच्या आतोबांइतका संशयी माणूस त्या काळच्या अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि कुणी दाखवलाच असता तर हा खरोखर संशयी आहे की नुसतं सोंग करतोय, अशी शंका आतोबांनी घेतली असती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पोलादपूरच्या शाळेत मास्तर होते आणि पेन्शन घेतल्यावर त्यांना समुद्रातल्या किड्यांचा नाद लागला. पोलादपूरला जिकडे बघावं तिकडे डोंगर. समुद्र सोडाच, खारं पाणीसुद्धा महाडच्या पलीकडे, दासगावच्या खाडीत. पण एका जुन्या इंग्रजी ग्रंथात त्यांना अंगभर वळी आणि दोन्ही अंगांना वल्ह्यांसारखे पाय असलेल्या किड्यांची चित्रं सापडली. यांतले बरेच एकमेकांसारखे दिसतात, असं त्यात लिहिलं होतं. "सारखे दिसतात म्हणजे काहीतरी लपवतात," आतोबा म्हणाले. त्या दिवसापासून आत्याच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून किड्यांकडे गेल्या.

किडा ओळखणं म्हणजे त्यांच्या लेखी उलटतपासणी होती. आधी डोळे मोजायचे. ते चार भरले तर पुढची चौकशी. मग तोंडाजवळच्या मिशा, मग पायांवरचे राठ केस. शेवटी दात. हा किडा आपली सोंड घशात उलटी ओढून ठेवतो आणि त्या सोंडेवर बारीक दाण्यांसारखे दात असतात. बाकी कशावरही आतोबांचा भरवसा नव्हता. "मिशी तुटते, रंग उडतो, दात मात्र खोटं बोलत नाहीत," असं ते म्हणत. मी तेव्हा महाडच्या कचेरीत कारकून होतो आणि दर रविवारी मोटारीने पोलादपूरला जाई. माझं अक्षर बरं म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या, असा रिवाज पडला. नाव, जागा, सगळं मी लिही. 'ओळख पटवणार' म्हणून आपलं नाव घालायची शेवटची ओळ तेवढी ते स्वतः, डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत, जणू मी त्यांची सही उचलून पळणार होतो.

मुंबईच्या एका विद्वानाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. किड्याचं चित्र पाठवायचं तर तो शोध आपल्या नावावर खपवेल, म्हणून आतोबा चित्रात मुद्दाम एक मिशी कमी काढत. बिचाऱ्याने एकदा लिहिलं की मिशी तुटलेली दिसते, नमुना जपून हाताळावा. आतोबांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. "बघ, त्याचा डोळा नेमका मिशीवर आहे."

मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत खाडीच्या पाण्याची कळशी घेऊन ते महाडला मोटारीत चढले, तेव्हा पोलीस जमादाराने त्यांना खाली उतरवलं. खारं पाणी घरी नेतोय म्हणजे आटवून मीठ करणार, हे उघडच होतं. "मीठ नाही, किडे आहेत," आतोबा म्हणाले. जमादाराने कळशीत हात घातला, घाईघाईने बाहेर काढला आणि त्यांना जाऊ दिलं. पण आतोबांचं समाधान होईना. जमादाराने किड्यांतच हात का घातला? त्याला मुंबईहून कुणी सांगितलं? पुढे महिनाभर ते कळशीला फडकं बांधून गाठीवर लाख ओतत.

हे किडे त्यांना दासगावची ताना आणून देई. तिचा नवरा गळाने मासे धरी आणि गळाला लावायचे किडे ती चिखलातून उकरून काढी. एकदा तिच्या मडक्यात एक निराळाच किडा आला. डोळे दुप्पट मोठे, पुढचं अर्धं अंग नेहमीसारखं आणि मागच्या अर्ध्याला पंख्यासारखे पाय. ग्रंथात असा किडा नव्हता. आतोबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते आत्याला म्हणाले, "यमुना, नवीन जात आहे. हिला तुझं नाव देणार."

"माझं? किड्याला?" आत्या म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी तिने आपली सगळ्यात चांगली, झाकणाची बरणी धुऊन पुढे ठेवली. शेजारणींनाही तिने सांगितलं असावं, कारण त्या येऊन बरणीत डोकावून जाऊ लागल्या. एरवी आतोबांनी त्यांना हाकललं असतं.

पावसाळ्यानंतर ताना आली. तिने बरणी बघितली आणि सहज म्हणाली, "मास्तर, ह्यो येगळा नाय. ह्यो आपला नेहमीचाच हाय. अवसेच्या भरतीला ह्यांचं लगीन असतं. डोलं मोठं होतात, चिखलातून वर येऊन पोहतात, अंडी टाकतात नि मरतात. आमी सगली बघतो की."

आतोबांनी तिच्यावर नाही नाही ते संशय घेतले. ती गेल्यावर मात्र ते बरणीसमोर बसून राहिले. खरं काय ते सोंडेवरचे दात सांगणार होते. खाडीतल्या नेहमीच्या किड्याला एका ठरलेल्या जागी सात दात असत. पण एकुलता एक नमुना कापायला त्यांचा जीव धजत नव्हता. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा भर दुपारच्या उन्हात, अंगणात त्यांनी त्याचा गळा उभा चिरून ठेवला होता. भिंग त्यांनी आत्याच्या हातात दिलं.

"तू मोज. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. त्यांना यमुना हवी आहे."

आत्या मसाला कुटत होती, ती हात पुसून आली. वाकून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "सात."

आतोबांनी मान डोलावली. दुधाचं माप स्वतः घेणारा, माझी चिठ्ठी अक्षरन् अक्षर तपासणारा हा माणूस. त्याने भिंगाला डोळा लावला नाही. आतोबांनी चिठ्ठी त्या दिवशी माझ्याकडून लिहून घेतली नाही.

आतोबा गेल्यानंतर बाटल्या आवरायला मी पोलादपूरला गेलो. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक चिठ्ठी वाचून दाखवत होतो. झाकणाची बरणी हातात आली तेव्हा ती म्हणाली, "आधी आठ मोजले होते रे मी. आठवा दात म्हणजे माझ्या बोटावरची तिखटाची कणी निघाली. पुसल्यावर सात." मी विचारलं, "आठ सांगितले असतेस तर?" ती म्हणाली, "त्यांनी मानले असते. म्हणून तर नाही सांगितले."

मी चिठ्ठी वाचली. किड्याचं नाव जुनंच, जागा दासगावची. शेवटच्या ओळीत आतोबांचं आडवंतिडवं अक्षर होतं : 'ओळख पटवणार, सौ. यमुना.'

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिने माझ्याकडे थेट आतोबांच्या नजरेने बघितलं. "तू मनाचं तर सांगत नाहीस ना?"

मी तिचं बोट धरून त्या ओळीवरून एकेका अक्षरावर टेकवत नेलं. 'ना'पाशी ती थांबली, बरणी माझ्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन लोणच्यांच्या फळीवर ठेवली.