मान वळवायची नाही

झेंडेकाका गाड्या बघायचे नाहीत, ऐकायचे. शर्यतीच्या मैदानाच्या फाटकाशी आम्ही पोचायच्या आत कुठूनतरी लांबून घरघर आली, की ते डोळे मिटून सांगायचे, "सोळाशे सीसी, साठच्या दशकातली. तिसऱ्या गिअरला अडखळतेय, कार्ब्युरेटर नीट लावलेला नाही." थोड्या वेळानं ती गाडी समोरून जायची आणि अगदी तीच असायची. लोक टाळ्या वाजवायचे. मीही पुष्कळदा वाजवल्या आहेत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, तिथे ते वळणावर झेंडा घेऊन उभे राहायचे, बिनपगारी, केवळ हौसेनं. म्हणून ॲन आर्बरच्या मराठी मंडळींनी हे नाव पाडलं. पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी तीस वर्षं एका प्रयोगशाळेत गाड्यांचा आवाज कमी करण्याचं काम केलं. "सोमवार ते शुक्रवार गाडीला गप्प करायचं आणि शनिवारी तिची माफी मागायला जायचं," असं ते म्हणायचे. त्यावर काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझी नाही कधी मागितली!"

मी नागपूरहून इथे पीएचडीला आले, तेव्हा काकूंनी पहिल्याच महिन्यात जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा पहिला घास तोंडात असतानाच काकांनी विचारलं, "हायवेवर ड्राइव्ह करतेस का गं?" मला वाटलं, काळजीनं विचारतायत. पुढच्या शनिवारी पहाटे मी त्यांचीच गाडी चालवत होते आणि ते शेजारी बसून थर्मासमधला चहा ओतत होते. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरची आठवण यायची आणि काकूंचा डबा असायचा. असे तीन उन्हाळे गेले.

दोन तासांच्या त्या वाटेवर काका एकाच इटालियन कंपनीचा इतिहास सांगायचे. तिचं नाव ते कधी घेत नसत, सरळ "आमची" म्हणायचे. आणि इतिहास तरी कसला, तर साध्या चार माणसांच्या, डिकीत भाजीच्या पिशव्या मावतील अशा गाड्यांच्या शर्यतींचा. "शर्यतीसाठीच जन्मलेली गाडी पळाली तर त्यात नवल काय? ऑफिसला जाणारी गाडी पळाली पाहिजे," हे त्यांचं ठाम मत. अमेरिकेत अशा गाड्यांची मोठी मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्याच शर्यतीत 'आमच्या' चिमुकल्या गाडीनं इथल्या धटिंगणांना मागे टाकलं होतं. हे सांगताना ते डॅशबोर्डवर थाप मारायचे. पुढे नव्वदच्या दशकात जर्मनांच्या घरात जाऊन त्यांचंच विजेतेपद पळवलं, तर इंग्लंडात गाडीच्या मागच्या पंखावरून, म्हणजे स्पॉइलरवरून, भांडण झालं. "सामान बांधून निघून गेले! परत आले आणि जिंकले. स्वभाव आहे यार इटालियन लोकांचा!"

एक मात्र होतं, ते हरलेल्या गोष्टीही तितक्याच रंगवून सांगायचे. मध्ये एकदा जागतिक मालिका निघाली, त्यात 'आमची' पार बोंब झाली आणि कंपनी हंगाम अर्ध्यावर सोडून घरी गेली. मी म्हटलं, "काका, हे गाळलंत तरी चालेल." तर चिडले. "मग तो इतिहास कशाला? त्याला जाहिरात म्हणतात."

त्यांनीच मला झेंडा धरायला शिकवलं. आमच्या पाचव्या वळणावर आम्ही दोघं पाठीला पाठ लावून उभे राहायचो. मी येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, मागून वेगवान गाडी येतेय असं पुढच्याला सांगणारा निळा झेंडा धरायचे. काका पलीकडे, गाड्या जिकडे निघून जातात तिकडे तोंड करून. वळणापुढे कुणी अडकलं तर मागच्यांना सावध करायला पिवळा झेंडा त्यांच्या हाती. म्हणजे भरधाव गाड्या कायम त्यांच्या पाठीमागून येणार. एखादी सुटून अंगावर आलीच, तर ओरडून त्यांना खेचायचं काम माझं. "तुझी बाजू तू, माझी बाजू मी. मान वळवायची नाही," हा त्यांचा एकच नियम होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात यायला लागलं. गाड्यांच्या नंबरांची यादी ते माझ्याकडे द्यायचे, "तू वाच, चष्मा राहिला." तो दर शनिवारी राहायचा. चहाचा कप माझ्या हातात न देता शेजारच्या हवेत धरायचे. मी कप घ्यायचे आणि काही बोलायचे नाही. काकूंनाही विचारलं नाही. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा तो शनिवार मोडायचा नव्हता. मी फक्त एक केलं. अधूनमधून मान वळवून त्यांची बाजूही बघायला लागले.

ऑगस्टमधल्या एका दुपारी 'आमच्या' कंपनीची, काकांची लाडकी सोळाशे सीसी वळणावरून गेली, पुढे गरकन फिरली आणि रस्त्यात आडवी होऊन बंद पडली. इंजिन बंद, त्यामुळे आवाजच नाही. काका समोर बघत शांत उभे होते आणि माझ्या बाजूनं सहा गाड्या येत होत्या. नेमकी त्या क्षणी माझी मान वळलेली होती. मी ओरडले, "काका, यलो!" त्यांनी काही न विचारता झेंडा असा जोरात हलवला, की सहाही गाड्यांनी ब्रेक लावले. पहिली त्या आडव्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबली. कुणाला ओरखडाही आला नाही.

शर्यत थांबवल्यावर वळणाचा प्रमुख डेव्ह धावत आला आणि काकांच्या पाठीवर थाप मारून "ग्रेट कॉल!" म्हणाला. काकांनी हातातला झेंडा गुंडाळला आणि इंग्रजीत, शब्द न शब्द सुटा करत सांगितलं, "मी नाही बघितलं, हिनं बघितलं. मला नजरेच्या मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरनं गेल्या वर्षीच सांगितलंय. मी कानांच्या भरवशावर उभा होतो." काकांनी झेंडा डेव्हच्या हातात दिला आणि ते पार्किंगकडे चालू लागले.

परतीच्या वाटेवर त्या दिवशी इतिहास नव्हता. त्यांनी विचारलं, "किती दिवस वळून बघतेयस?"

"जूनपासून."

"म्हणजे जूनपासून माझ्या पाठीमागे कोणीच नव्हतं."

मी रडायला लागले. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, थर्मासचं झाकण चाचपून उघडलं आणि चहा ओतला. निम्मा सांडला. "तुझी चूक नाही गं," ते म्हणाले. "माझ्यामुळे तुला तुझी बाजू सोडावी लागली. उद्या कुणाला काही झालं असतं, तर ते ओझं मी तुझ्यावर टाकून मोकळा झालो असतो."

त्यानंतर काका मैदानावर कधी आले नाहीत, प्रेक्षक म्हणूनही नाहीत. मी बोलवायचे, ते म्हणायचे, "अभ्यास कर." गेल्या हिवाळ्यात ते गेले. दारात गुडघाभर बर्फ असूनही डेव्ह आला होता. तो काकूंना म्हणाला, की आपली चूक अशी उभ्या उभ्या सांगणारा माणूस त्यानं त्या मैदानावर दुसरा पाहिला नाही. काकूंनी मान हलवली आणि त्याला चहा विचारला.

लोक मला अजून म्हणतात, त्या दिवशी तू सहा जणांना वाचवलंस. मला ते ऐकवत नाही. काकांनी त्या दुपारी तोंड उघडलं नसतं, तर मी उघडलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि उत्तर दर वेळी तेच येतं. मी बोलले नसते. पुढच्या शनिवारी पहाटे पुन्हा गाडी काढली असती आणि काकांना घेऊन त्याच वळणावर जाऊन उभी राहिले असते.