फोटोवरचा दिवा

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका काकूंकडे माझं वायरिंगचं काम नेहमी असतं. आठवीतून शाळा सोडून मी नांदेडकडून नाशिकला आलो, तेव्हापासून सगळे मला अरे-तुरेच करतात. काकू मात्र "अहो मिस्त्री" म्हणतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "चालेल ना?" विचारतात. घर त्यांचं, पण परवानगी माझी. म्हणूनच त्यांच्याकडे हात चुकेल याची मला जास्त धास्ती वाटते.

मागे त्यांनी हॉलमधल्या चित्रावर दिवा लावायला बोलावलं. चित्र चांगलं रुंद, त्यांच्या मुलानं काढलेलं गंगाघाटाचं. तो भांडून घरातून निघून गेला, कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. मी वीतभर दिवा मधोमध बसवला. बटण दाबलं तर उजेड मधल्या पायऱ्यांवरच पडला, बाकी घाट काळोखात.

काकू चित्राजवळ आल्या.

"अहो मिस्त्री, असा दिवा गेलेल्या माणसाच्या फोटोवर लावतात. माझा मुलगा फक्त रागावून गेलाय."

या वेळी शेवटी "चालेल ना?" असं त्यांनी विचारलं नाही.

"चुकलं, काकू. बदलून आणतो," म्हणत मी दिवा उतरवला.

दुसरा दिवा फ्रेमच्या निम्म्याहून लांब आणला. आता उजेड दोन्ही कडांपर्यंत गेला आणि खालच्या कोपऱ्यातली मुलाची सहीसुद्धा दिसायला लागली. काकूंनी ते नाव मोठ्यानं वाचलं, स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारावी तसं. माझंही लक्ष दाराकडे गेलं.