सनईचा मान

आमच्या गावात जत्रेच्या पालखीत कुणी कुठं चालायचं, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही पाठ होतं. छत्री एका घराची, चवरी दुसऱ्या घराची आणि सगळ्यांच्या पुढं सनई. ती वाजल्याशिवाय देव उंबरा ओलांडत नाही. गावाचा इतिहास तो एवढाच. बाकीचा मास्तरांनी शिकवला, मी विसरले.

चुलता पलटणीच्या बँडातून पेन्शनीत आला तो तिथला बाद झालेला पिशवीचा बाजा, बॅगपाइप, घेऊनच. काखेत पिशवी दाबून वाजवायचा, की म्हैस दूध चोरायची आणि चुलती करवादायची.

"स्कॉटलंडातला हाय गं ह्यो," तो सांगायचा. "तितंबी आपल्यावानी बारकी गावं हायती. जत्रंला ह्योच पुढं."

"तितं पाटील असतोय?"

"असंल की!"

मग मला ते गाव दिसायचं. धुक्यातलं, आमच्यासारखंच, फक्त उसाशिवाय.

त्या वर्षी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, सनईवाल्या आबांचे पुढचे दात गेले. जत्रेच्या दुपारी त्यांनी फुंकर मारली, नुसती हवा. पुन्हा मारली. पालखी खांद्यावर खोळंबलेली. "यंदा मान दुसऱ्या घराला द्या," कुणीतरी बोललंच. आमच्या गावात एकदा घरातून गेलेला मान परत येत नसतो. आबा सनई धोतराला पुसायला लागले.

चुलता धावत घरी गेला, बाजा घेऊन आला. "व्हा पुढं, हवालदार!" लोक म्हणाले. तो गेला नाही.

"आवं आबा, सनई तोंडाला लावा. चालाय लागा." स्वतः दोन पावलं मागं राहिला.

पिशवी फुगली. एक लांबच लांब सूर निघाला, आणि ऊन, गुलाल, माणसं, सगळं त्याच्यावर अलगद तरंगायला लागलं. आबांची बोटं भोकांवर फिरत होती. देव निघाला.

आणि मी, तोंडाळ कार्टी, ओरडले, "आबा न्हाई वाजवत! आमचा चुलता वाजवतोय!"

आबांची बोटं थांबली. आईनं पाठीत धपाटा घातला. तेवढ्यात बायकांनी "चांगभलं!" असा गजर केला, गडीमाणसांनी उचलून धरला, आणि त्या गलक्यात बोटं पुन्हा फिरायला लागली.

घरी आल्यावर चुलता माझ्याशी बोलेना. मला रडूच फुटलं. "मी खरंच सांगितलं की!"

त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. "खरं समद्यास्नी दिसत हुतं, पोरी," तो म्हणाला. "वरडलीस ती तू एकटीच."