मॉकिंगबर्डची शिकवणी

यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. घरात ‘अगं’ होतं. अमेरिकेत आल्यावर भर दुकानात ‘अगं’ म्हणून ओरडणं यांना प्रशस्त वाटेना, म्हणून शीळ निघाली. एक सूर वर चढणारा, एक खाली उतरणारा. पुढे मुलालाही जेवायला तीच शीळ. नवऱ्याच्या शिळेवर धावत जायची मला लाज वाटायची, आणि तरी मी जायचे.

रिटायर झाल्यावर यांनी टीव्हीवर ऑस्ट्रेलियातला लायरबर्ड पाहिला. जंगलात मातीचा ओटा करून, शेपटी डोक्यावरून पसरून तो नाचतो आणि मादीसाठी इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. हे वेडेच झाले. आपल्याकडे तो नाही, पण त्याच्या वळणाचा एक आहे, म्हणाले, आणि वेस्ट विंडसरच्या आमच्या बॅकयार्डात मॉकिंगबर्डची शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन मेपलखाली शीळ. मॉकिंगबर्ड एकेक आवाज चार-पाचदा म्हणतो, मगच पुढचा घेतो. “घोकंपट्टी करतो, म्हणजे आपल्यातलाच,” हे म्हणायचे. नसते उद्योग, मी म्हणायचे. दोन वर्षं पक्ष्याने काही दाद दिली नाही.

मागच्या हिवाळ्यात हे गेले. एप्रिलमध्ये मी गॅसवर आमटी ठेवून कोथिंबीर निवडत होते, आणि मागून शीळ आली. “आले,” मी म्हटलं, गॅस बारीक केला, हात पुसत दारापर्यंत गेले. मेपलवर तो बसला होता. शीळ चारदा, मग कार्डिनल पक्ष्याची साद, मग शेजाऱ्यांच्या गाडीचा अलार्म. मी पायरीवर बसून रडले. आमटी आटून गेली.

फोनमध्ये यांचे शेकडो फोटो आणि व्हिडिओ आहेत, शीळ एकातही नाही. ती फक्त त्या पक्ष्याकडे आहे.

मुलगा लांब नेपरव्हिलला असतो. घर विकून माझ्याकडे ये, एकटी बर्फ कसा काढणार, असं त्याचं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, इंग्रजीत. त्याचं चूक नाही. पण मी एका पक्ष्यासाठी थांबले आहे, हे जन्मभर डॉक्टरकी केलेल्या बाईने कुठल्या तोंडाने सांगायचं?

या रविवारी फोन घेऊन मी पायरीवर बसले होते. एजंटला कधी बोलवायचं, ते तो सांगत होता. मेपलवरून शीळ आली. बोलता बोलता त्याने मान वळवली आणि स्वतःच्या जिन्याकडे बघून म्हणाला, “येतो, बाबा.”

मराठीत. पन्नाशीला टेकलेला माणूस.

मग तो माझ्याकडे बघत राहिला. मी फोन मेपलकडे धरला. तोवर पक्षी अलार्मवर गेला होता.

“थांब आई,” तो म्हणाला. “परत म्हणेल.”

आम्ही दोघं थांबलो. एजंटचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं.