शेंदराखालचे आकडे

देवमनजींची शेवटची चिठ्ठी मला श्रावणातल्या एका सकाळी, नेहमीच्या एसटीच्या कंडक्टरकडून, रिसोडच्या स्टँडवर मिळाली. तीत पैनगंगेची आठ वाजताची पातळी होती. दुपारच्या फेरीला तोच कंडक्टर परत आला आणि खिडकीतूनच म्हणाला, "देवमनजी गेले, भाऊ. माप लिवलं, चिठ्ठी माह्याजोळ देली, घरी जाऊन बाजीवर आडवे झाले... मंग उठलेच नाई." मी इथला वार्ताहर; चिठ्ठीतला आकडा तोवर तारेने वर्तमानपत्राकडे पाठवला होता. दुसऱ्या दिवशी तो छापून आला.

देवमनजी रिसोडपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात राहत. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन होती. शिवाय नदीची पातळी मोजण्याचं सरकारी काम होतं, तेही हंगामी. नदीच्या पात्रात एक दगडी खांब आहे, त्यावर आकड्यांची लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला तिथे जायचं, पाणी कुठल्या रेघेला टेकलं ते पाहायचं आणि नोंदवहीत लिहायचं, एवढंच काम. पण पुढे हीच नदी महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यामधून वाहते, आणि कुणाच्या वाट्याला किती पाणी यावं यावरून दोन राज्यांत वाद आहे. तो वाद अशाच वह्यांवर लढला जातो. देवमनजींनी ती सरहद्द कधी पाहिली नव्हती. "तिकडचे लोक येगळंच बोलतात म्हनते," ते मला एकदा म्हणाले, "पन पानी त येकच पेतात ना."

बहात्तरच्या दुष्काळात खांब बुडापर्यंत उघडा पडला होता. सकाळ-संध्याकाळ शून्य लिहिण्यासाठीही ते रोज दोनदा नदीवर जात. पुढच्या वर्षी पाणी आलं तेव्हा गावातल्या बायकांनी नदीची ओटी भरली आणि पाण्यातून डोकं वर काढून उभ्या असलेल्या त्या खांबाला तेल-शेंदराचा जाड लेप दिला. पट्टीवरचे आकडे बुजले. पुढाकार देवमनजींच्याच पत्नीचा, अनसूयाबाईंचा होता. मी दुसऱ्या दिवशी बातमीसाठी गावात गेलो तेव्हा दोघांचं अंगणात भांडण चाललं होतं.

"तुमी वरीसभर त्या दगडाकडं पाहून राह्यले," अनसूयाबाई म्हणत होत्या, "आमी येक दिवस हात जोडले त काय बिघडलं?"

"हात जोड ना. आकडे काहून बुजवले?"

"शेंदूर लागला म्हंजे देव झाला. आता देवाले खरवडता का काय?"

गावही तेच म्हणत होतं. देवमनजींनी पाण्यात काठी उभी करून खोली पाहिली, पण ती पट्टीच्या कुठल्या रेघेशी जुळवायची ते शेंदरामुळे कळेना. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी वाट अनसूयाबाईंनीच काढली. काठावर, पुराच्या वर, एक नवा दगड मांडला, नारळ फोडला आणि देवाला तिथे येण्याची विनंती केली. मग कमरेइतक्या पाण्यात उतरून राखेने आणि नारळाच्या शेंड्यांनी त्यांनी पट्टी स्वतः घासली. "देव वर गेला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घ्या तुमचा दगड."

तीन दिवसांच्या रकान्यांत मात्र आकडे नव्हते. कचेरीतल्या एका कारकुनाने सुचवलं की आधीचा आणि नंतरचा आकडा धरून मधले अंदाजाने भरावेत, कुणाला कळणार नाही. देवमनजींनी भरले नाहीत. तिथे त्यांनी लिहिलं, "खांबाला शेंदूर लागल्याने माप घेता आले नाही." महिन्याभरात नोटीस आली, काम काढून का घेऊ नये म्हणून. दुष्काळात बैलजोडी गेली होती. हे काम गेलं असतं तर घरात दुसरी मिळकत नव्हती.

नोटिशीचं उत्तर द्यायला ते वाशीमच्या कचेरीत गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. इंजिनिअरसाहेबांनी वही वाचली आणि विचारलं, "अंदाज का नाही लिहिलात? सगळे लिहितात."

"साहेब, म्या ते पानी पायलंच नाई. खाली लोकं हायेत, ते या वहीवर पानी मागतीन. त्याइले खोटं कसं सांगू?"

साहेबांनी वहीची आधीची पानं उलटून पाहिली. मग म्हणाले की जगात अशा नद्या आहेत ज्या दोन देशांमधून वाहतात. त्या देशांचं आपसांत बोलणं बंद असलं तरी नदीचे आकडे एकमेकांना कळवले जातात, कारण पूर सरहद्द पाहून येत नाही. "पण समोरच्याचा आकडा खरा वाटला तरच त्याचा उपयोग," ते म्हणाले, "आणि ज्या वहीत एकही जागा रिकामी नसते, ती मला खरी वाटत नाही." नोटीस त्यांनी रद्द केली. परतताना एसटीत देवमनजी म्हणाले, "बोलत नाईत, अन् आकडे देतात... म्हंजे आमच्या घरासारखंच. भांडली, पन पट्टी तिनंच घासून देली."

त्यानंतर दर पावसाळ्यात पूजा काठावरच्या दगडाची झाली आणि पट्टीवर चढलेलं शेवाळ घासायला अनसूयाबाई गेल्या.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. अनसूयाबाई नदीवर होत्या, हातात नारळाच्या शेंड्या. त्यांची सून कमल काठावर वही घेऊन उभी होती. सातवीपर्यंत शिकलेली आहे, हंगाम संपेपर्यंत तिनेच माप घ्यावं असं कचेरीने कळवलं आहे. मी वही मागितली आणि श्रावणातलं पान काढलं. आठच्या रकान्यात देवमनजींचं अक्षर, किंचित उजवीकडे कललेलं. पाचच्या रकान्यात कमलचं गोल अक्षर होतं, "घरी मयत. माप घेतले नाही." तिथे कुठलाही आकडा लिहिला असता, तरी त्या दिवशी कुणी विचारायला आलं नसतं.

त्याखाली दुसऱ्या दिवशीची सकाळ. वेळ आठ. एक मीटर वीस.